सेन्झा

मुलगी परदेशी शिकायला निघाली की आपल्या बायकांत पहिला प्रश्न अभ्यासाचा येत नाही. ‘अगं, खाणार काय ती?’ हाच येतो. 2019 च्या फेब्रुवारीत माझी धाकटी एका सत्रासाठी मिलानच्या पोलितेक्निकोत गेली, तेव्हा बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी हा प्रश्न दिवसातून चारदा ऐकू येई. शेजारच्या तेलुगू वहिनींनी मुद्दाम बिनलसणाचा आवकाया घालून बरणी आणून दिली. मंदिरात मात्र एकीनं सरळच विचारलं, ‘म्हणजे आता सगळं सोडणारच ना?’

मला वाटत होतं, तिनं घरचे सगळे नियम घेऊन जावं. ती म्हणाली, ‘मम्मी, पाळता येईल तेवढंच घेते. खोटं नको.’ मद्य, मांस, मधु, अंडं यांचा पूर्ण त्याग. कांदा, लसूण, बटाटा होईल तेवढा टाळायचा. सूर्यास्तापूर्वी जेवायचं जमेल तेव्हा. मला हे फार कमी वाटलं. मग सासूबाई आठवल्या. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कुठल्या दिशेला किती जायचं, याची मर्यादा आपणच आखायची. सासूबाई चातुर्मासात काचीगुडा स्टेशन ओलांडत नसत. ती रेघ त्यांनी स्वतः ओढलेली होती, कुणी ओढून दिलेली नव्हती. लेकही वेगळं काय करत होती? मी गप्प बसले आणि भाजणी भाजायला घेतली.

तिकडे ती एका सत्तरीच्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहिली. बाई एकट्या, इंग्रजीचा गंध नाही, रोज सकाळी चर्चमध्ये जाणाऱ्या. मार्चमध्ये त्यांचा लेंट सुरू झाला. ईस्टरपूर्वीचे हे उपासाचे दिवस, त्यात शुक्रवारी मांस वर्ज्य. हिलाही मांस चालत नाही म्हटल्यावर बाई खूश झाल्या आणि पहिल्याच शुक्रवारी मासा करून वाढला! त्यांच्या उपासाला मासा चालतो. लेकीनं कागदावर मासा काढला, त्याला मोठा डोळा काढला आणि हात जोडले. बाईंनी मासा उचलला, पालक आणि रिकोट्टा आणून ठेवलं. ‘व्रत’ म्हणजे काय, हे त्यांना वर्गातल्या मुलांपेक्षा लवकर कळलं. त्या वर्षी महावीर जयंती 17 एप्रिलला आली आणि ईस्टर 21 ला. त्या आठवड्यात दोघींनी एकमेकींना आपापल्या सणाच्या गोष्टी सांगितल्या, निम्म्या हातवाऱ्यांनी.

पण बाईंनी एक दिवस विचारलं, ‘बटाट्यानं काय केलंय?’ आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे: ‘आपल्यात चालत नाही.’ इटालियनमध्ये ते सांगून भागेना. तिनं रात्री मला फोन लावला. मग आम्ही दोघी बसलो: कंद उपटला की अख्खं झाड जातं, त्या एका कंदात आपण अनंत जीव मानतो, म्हणून. घरात ती वीस वर्षं बटाट्याशिवाय जेवली होती, पण हे वाक्य तिला पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं बोलावं लागलं.

तिकडचा तिचा रोजचा शब्द ‘सेन्झा’, म्हणजे ‘शिवाय’. सेन्झा चिपोला, कांद्याशिवाय. सेन्झा आल्यो, लसणाशिवाय. आपल्या पाकिटांवर हिरवा ठिपका असतो, तिथे तो नाही. सुका पास्ता बहुधा गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा, तो चालायचा. बोलोन्यातला ताजा पास्ता अंड्याचा, तो नाही. तिरामिसूतही अंडं. आणि ज्यावर सगळं जग भुलतं ते पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातलं रेनेट घालून करतात. त्या नावानं विकायचं तर दुसरं रेनेट चालतच नाही. हे तिनं सांगेपर्यंत मी चीजकडे फक्त दूध म्हणूनच बघत होते.

सूर्यास्ताची गंमत निराळी. ती गेली तेव्हा मिलानला सहाच्या आत अंधार पडायचा आणि तास संपायला उशीर. बरेचदा रात्रीच जेवावं लागे. दिवस वाढत गेले. जूनमध्ये तिथे सूर्य सव्वानऊला मावळतो. इथे मध्यरात्र, मी पेंगुळलेली, आणि फोनमध्ये ती उन्हात बसून जेवतेय! सूर्यानंच नियम सोपा करून दिला.

शनिवार-रविवार ती साध्या पॅसेंजर गाडीनं फिरायची. आम्ही पूर्वी काचीगुड्याहून दशम्या बांधून मराठवाड्यात जायचो, तशी डबा घेऊन. जेनोव्हात तिला फारिनाता मिळाला: हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, आणि लाकडाच्या भट्टीत भाजलेला. ‘मम्मी, हे तर आपलं धिरडं!’ एकदा ती लांब उदिनेला गेली, कारण तेस्सितोरी तिथला. 1887 साली जन्मलेला हा मुलगा फ्लॉरेन्समध्ये संस्कृत-प्राकृत शिकला, आचार्य विजयधर्मसूरींशी पत्रव्यवहार केला, 1914 मध्ये भारतात आला, राजस्थानात पोथ्या शोधत हिंडला आणि 1919 मध्ये बिकानेरला वारला. वय अवघं एकतीस. तो आपली भाषा शिकून इकडे आला, ही त्याची भाषा शिकून तिकडे गेली.

जुलैअखेर ती परतली. दशलक्षण पर्वात मंदिरात तोच प्रश्न पुन्हा आला, ‘पाळलंस का गं?’ माझ्या पोटात गोळा आला. ती शांतपणे म्हणाली, ‘मांस, अंडं, दारू, मध शिवलं नाही. बटाटा नऊ वेळा खाल्ला, लिहून ठेवलंय. कांदा मोजला नाही. रात्री पुष्कळदा जेवले.’ क्षणभर कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, ‘आज उत्तम सत्याचा दिवस आहे, बायांनो.’

मैत्रिणींनो, लेकीच्या बॅगेत मेतकूट, भाजणी जरूर भरा. पण एकेका नियमाचं कारणही तिच्याजवळ बसून सांगा, आणि कोणता नियम घ्यायचा ते तिलाच ठरवू द्या. डबा महिन्याभरात संपतो.