नोव्हेंबरातली शाकारणी

बेळगावात जुन्या कौलारू घरात वाढलेल्यांना मे महिन्याची कामं सांगावी लागत नाहीत. आंबे, लग्नं आणि कौलांची शाकारणी. शाकारणीचा माणूस एप्रिलातच गाठून ठेवायचा, कारण पहिला जोराचा वळीव झाला की तो कुणालाच सापडत नाही. गेली सहा वर्षं मी ज्या गावात राहतो तिथंही अशी एक शाकारणी असते. फक्त ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात करायची आणि पावसासाठी नाही, बर्फासाठी करायची.

गावाचं नाव हॅम्बर्ग. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराच्या दक्षिणेला. न्यूयॉर्क म्हटलं की सगळ्यांना उंच इमारती आठवतात, पण बफेलो तिथून गाडीनं सहा-सात तास लांब आहे. नायगारा धबधबा मात्र जवळ. नातेवाईक उन्हाळ्यात येतात, धबधबा बघतात आणि ‘किती छान हवा आहे तुमच्याकडं’ म्हणून परत जातात. हिवाळ्यात फारसं कुणी येत नाही.

इथल्या बर्फाचं मूळ इरी सरोवरात आहे. हे सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडं लांबट पसरलंय आणि बफेलो त्याच्या पूर्व टोकाला आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी अजून कोमट असतं आणि त्यावरून गोठवणारा वारा येतो. तो वाफ उचलतो, तिचे ढग होतात आणि किनाऱ्यावर येऊन ते रिकामे होतात. गंमत म्हणजे हे ढग अरुंद पट्ट्यात येतात. आमच्याकडं कमरेएवढा बर्फ आणि वीस किलोमीटरवर उत्तरेला रस्ता कोरडा, असं होऊ शकतं. नोव्हेंबर 2022 मध्ये हॅम्बर्ग आणि शेजारच्या ऑर्चर्ड पार्क भागात एकाच वादळात 80 इंचांच्या आसपास, म्हणजे 2 मीटर बर्फ पडला. इथल्या फुटबॉल संघाचा सामना थेट डेट्रॉइटला हलवावा लागला.

आता घरचा हिशोब सांगतो. रस्त्यापासून गॅरेजपर्यंत जाणारा आमचा ड्राइव्हवे 15 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद. त्यावर 30 सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ पडला तर तो साडेबावीस घनमीटर होतो. एका घनमीटरचं वजन 100 किलो धरलं तरी सव्वादोन टन. ओला बर्फ असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट. हे सगळं फावड्यानं उचलून बाजूला टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढंच.

म्हणून बरेच जण माणूस ठरवतात. उन्हाळ्यात लोकांच्या अंगणातलं गवत कापणारेच हिवाळ्यात पिकअप ट्रकच्या पुढं लोखंडी पातं लावून बर्फ ढकलतात. ठरवायच्या पद्धती दोन. एक म्हणजे प्रत्येक खेपेचे पैसे, दुसरी म्हणजे अख्ख्या हंगामाची ठरलेली रक्कम. बर्फ कमी पडला तर पहिली पद्धत स्वस्त, जास्त पडला तर दुसरी. आम्ही हंगामाचे 450 डॉलर ठरवले. पण रकमेपेक्षा प्रश्न महत्त्वाचे असतात. किती इंच पडल्यावर येणार? दिवसभर पडत राहिला तर किती वेळा येणार? सकाळी किती वाजेपर्यंत? ट्रकनं भिंतीला किंवा हिरवळीला धक्का लागला तर विमा आहे का? सगळे पैसे आधी मागणाऱ्यापासून जपून राहावं, असं शेजारी सांगतात.

गेल्या हिवाळ्यात या प्रश्नांना आमच्याकडं वेगळंच वजन होतं. बायकोला डिसेंबरातली तारीख दिली होती आणि हॉस्पिटल पंचवीस मिनिटांवर. मी ट्रकवाल्याला ऑक्टोबरातच ते सांगून ठेवलं. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि आमचं घर त्याच्या फेरीत पहिलं घेतलं.

आई-बाबा बेळगावहून आले होते. बाबांचं वय 69, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. ट्रकवाल्याला बर्फाखाली ड्राइव्हवेची कड कळावी म्हणून दोन्ही बाजूंना उंच चमकदार काठ्या रोवायच्या असतात. जमीन गोठायच्या आधी ते काम बाबांनी हौसेनं केलं, अगदी दोरी धरून सरळ रेषेत. पण पहिला बर्फ पडला आणि त्यांनी फावडं उचललं. “एवढं तर आहे, मी काढतो की.”

त्यांना थांबवणं सोपं नव्हतं. आयुष्यभर अंगण स्वतः झाडलेला माणूस. शेवटी मी त्यांना समोर बसवून सांगितलं. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, जड उचलताना श्वास कोंडला जातो, रक्तदाब एकदम वर जातो. बर्फ काढताना हृदयविकाराचा झटका येऊन दर हिवाळ्यात माणसं दगावतात. डिसेंबर 2022 च्या हिमवादळात बफेलो परिसरात चाळीसहून जास्त लोक गेले, त्यातही असे काही होते. बाबा काही बोलले नाहीत, पण फावडं गॅरेजमध्ये ठेवून आले.

डिसेंबरात एका रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. बाहेर 14 इंच बर्फ. ट्रकवाला तासाभरापूर्वीच येऊन ड्राइव्हवे साफ करून गेला होता. पण त्यानंतर गावाचा मोठा प्लाऊ रस्ता साफ करत गेला आणि त्यानं ढकललेला बर्फ आमच्या तोंडाशी बांधासारखा साचला. हा बांध सगळ्यांत वाईट. दाबलेला, ओला, दगडासारखा. कुठल्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये तो नेमका वेळेवर निघत नाही.

मी फावडं घेऊन बाहेर पडलो. बाबा दारात उभे होते. हात पुढं आले होते, पण ते आतच राहिले. म्हणाले, “समोरच्यांना फोन कर.” रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं, असं मला वाटत होतं. फोन केला. समोरचे सत्तरीजवळचे गृहस्थ पाच मिनिटांत पायजम्यावर जाड कोट घालून स्नो ब्लोअर ढकलत आले. दहा मिनिटांत वाट झाली. मुलगी सकाळी सात वाजता झाली.

तेव्हापासून बर्फ पडला की त्यांच्या बाजूच्या शेजारीण आजींच्या घराचं एक काम मी करतो. इथल्या बऱ्याच घरांत हीटरचा धूर भिंतीतल्या पाइपातून बाहेर जातो. तो पाइप बर्फानं बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचू शकतो, आणि त्याला वासही नसतो. आजी एकट्या राहतात. त्यांचा पाइप आणि कोपऱ्यावरचा अग्निशमनाचा नळ मोकळा करायला मला दहा मिनिटं लागतात.

आपल्याकडची बरीच मुलं आता थंड देशांत शिकायला, नोकरीला जातात. घर भाड्यानं घेताना बर्फ कुणी काढायचा हे करारात लिहून घ्या. बफेलो शहरात घरासमोरचा फुटपाथ सकाळी नऊच्या आत मालकानं साफ करायचा असा नियम आहे, मग तो भाडेकरूवर ढकलला जातो. काढलेला बर्फ रस्त्यावर टाकू नका, त्याला दंड होतो. साधं मीठ उणे नऊ अंशांच्या खाली फारसं चालत नाही. स्नो ब्लोअरच्या तोंडात अडकलेला बर्फ यंत्र बंद असलं तरी हातानं काढू नका, काठीनं काढा. आणि ट्रकवाल्याच्या नंबराखाली समोरच्या घराचा नंबरही लिहून ठेवा. पहिल्याला पैसे द्यावे लागतात. दुसऱ्याकडं आई दर रविवारी शिरा पाठवत होती.