वर्ध्याचं ऊन, गुहागरचा घाम

माझं सासर वर्ध्याचं, माहेर गुहागर तालुक्यातलं आणि संसार पुण्यात. मुलांना सुट्टी लागली की मे महिन्यात आधी वर्धा आणि मग गुहागर, हे लग्नापासून ठरलेलंच आहे. दोन्हीकडे उन्हाळा असतो, पण त्या दोन उन्हाळ्यांचं एकमेकांशी काही जमत नाही. वर्ध्याला घाम आलेला कळतसुद्धा नाही, कारण तो तिथल्या तिथे वाळतो. गुहागरला तो येतो आणि अंगावरच राहतो. ‘उन्हाळ्यात सुती कपडे घाला’ हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. कुठल्या उन्हाळ्यात, किती जाड सूत, हे आधी ठरवायला हवं. ते एकदा ठरलं की बॅग निम्मी होते.

पुण्याहून वर्ध्याला जायला आम्ही बहुतेक वेळा महाराष्ट्र एक्सप्रेस धरतो. गाडी रात्री निघते. सकाळी भुसावळ येईपर्यंत बरं असतं, अकोल्यानंतर खिडकीतून झळा लागायला लागतात आणि बडनेरा मागे पडलं की गजांना हात लावावासा वाटत नाही. स्लीपरच्या डब्यात तिकडची माणसं काय करतात ते बघण्यासारखं असतं. दुपट्टा किंवा पंचा पाण्यात भिजवून, पिळून खिडकीला बांधतात. आत येणारा वारा लगेच गार होतो. थोड्या वेळात कापड खडखडीत वाळतं, मग पुन्हा भिजवायचं. वर्ध्याला उतरायचं ते भर दुपारी. न्यायला आलेले भाऊजी बॅगेला हात लावायच्या आधी पांढरा दुपट्टा पुढे करतात. “वहिनी, डोकं-कान बांधा आधी, मंग बाहेर निघू.” घरी सासूबाई मुलांच्या खिशात कांदा ठेवतात. कांद्याने ऊन लागत नाही का, ते मी सांगू शकत नाही. पण डोकं, कान आणि मान झाकल्याने जो फरक पडतो तो मी दर वर्षी अनुभवते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत तिकडे दुपट्ट्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडत नाही, मग तो कॉलेजातला मुलगा असो की भाजीवाला.

पुण्यातल्या मैत्रिणींना मी वर्ध्यासाठी पूर्ण बाह्यांचे कुर्ते भरते याचं नवल वाटतं. एवढ्या उन्हात बिनबाह्यांचं घालायचं सोडून हे काय, असं त्या विचारतात. त्याचं उत्तर वर्ध्याच्या प्रत्येक घराच्या खिडकीत बसवलेलं असतं. विदर्भात कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या ताट्यांवरून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून ओढली जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, मग ते पाणी कूलरमधलं असो की अंगातून आलेला घाम. घामाने दमट झालेला सैल सुती कुर्ता म्हणजे अंगावर चढवलेला कूलरच. बाहेरची हवा ४५ अंशांची असते तेव्हा ती आपल्या कातडीपेक्षा गरम असते. उघड्या दंडाला ती थंड करत नाही, भाजते. म्हणून तिकडे अंग झाकायचं.

आणि कपडा सैल हवा. रंगाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, हे महत्त्वाचं आहे. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात वाळवंटात राहणाऱ्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर एक अभ्यास छापून आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा अधिक तापतो, पण सैल असल्यामुळे त्याच्या आत वारा खेळतो आणि ती जादा उष्णता अंगापर्यंत पोचत नाही, असं त्यात दिसलं. मी रंग फिकेच घेते, पण शिंप्याकडे माझा आग्रह असतो तो बगलेत आणि कमरेत ढील ठेवण्याचा. आणि खिशाचा. तिकीट, रुमाल आणि मोबाइल खिशात मावले की खांद्याला वेगळी पर्स अडकवावी लागत नाही.

कापड मी वर्ध्यातच घेते, कारण वर्ध्याच्या उन्हाला वर्ध्याची खादीच बरी. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. तेच गाव पुढे सेवाग्राम झालं. शहरात १९३८ साली सुरू झालेलं मगन संग्रहालय आहे. तिथे चरख्यांचे नाना प्रकार पाहायला मिळतात आणि नैसर्गिक रंगात रंगवलेली खादी विकतही मिळते. हातसुताचा धागा थोडा कमी-जास्त जाडीचा असतो, वीण मोकळी असते. नवी खादी पहिल्यांदा अंगाला टोचते, पण चार धुण्यांनंतर मऊ पडते. प्रवासाला म्हणून मी नवी खादी कधीच नेत नाही. वर्षभर वापरून मुरलेले कुर्तेच घेते.

वर्ध्याहून पुण्यात येऊन, एखादा आठवडा श्वास घेऊन, आम्ही कोकणात निघतो. पाटण, कोयना करत एसटी कुंभार्ली घाट उतरू लागली की डोळे मिटून बसलेल्या माणसालाही हवा बदललेली कळते. चिपळूणला उतरेपर्यंत पाठ सीटला चिकटलेली असते. तापमान पाहिलं तर वर्ध्यापेक्षा कितीतरी कमी. हवामान खात्याच्या निकषांतही हा भेद आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनारपट्टीला मात्र ३७ अंशांपासूनच होतो. हवेतच इतकं पाणी असतं की घामाला वाळायला वाव राहत नाही. म्हणून कोकणात कूलर कुणी लावत नाही आणि वर्ध्याची खादी तिथे चालत नाही. ती घाम पिते, जड होते आणि तशीच ओली राहते. मग काखेत, मानेवर, मुलांच्या पाठीवर घामोळं. जीन्सचं तर विचारूच नका. माझी आई भाच्याला दर वर्षी सांगते, “अरे बाबू, हे तरट घेऊन कशाला येतोस? धुतलं तर तीन दिवस दोरीवर राहतं.” तिचं अगदी खरं आहे. मे महिन्याच्या शेवटी मळभ आलं की जीन्स वाळता वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो.

कोकणासाठी मी मलमल निवडते. कोपरापर्यंत बाह्या, मोठा गळा, गुडघ्याच्या खाली न जाणारी लांबी आणि खाली सैल सुती पायजमा. लेगिंग तिथे नको, कारण अंगाला घट्ट बसलेल्या कपड्याखाली घाम अडकतो. भाचा हल्ली खेळाडूंचे पॉलिएस्टरचे शर्ट आणतो. ते लवकर वाळतात हे मी पाहिलं आहे. कापूस साधारण हवेत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पण संध्याकाळपर्यंत त्या शर्टांना जो वास येतो तो साबणानेही पुरता जात नाही. पळायला, पोहायला ते ठीक आहेत. दिवसभर अंगावर वागवायला मलमलच.

आता बॅगेत काय असतं ते सांगते. तीन जोड: एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. पंधरा दिवस राहायचं असलं तरी तीनच. रात्री आंघोळ करताना दिवसाचे कपडे तिथेच धुऊन टाकायचे. वर्ध्याला ते तासा-दोन तासांत वाळतात, फक्त सावलीत घालायचे, नाहीतर तिथलं ऊन रंग खाऊन टाकतं. कोकणात कपडा पिळून झाला की कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा एकदा जोर लावून पिळायचा आणि पडवीत पंख्याखाली टाकायचा. मलमल सकाळपर्यंत वाळते. अंतर्वस्त्रांचा मात्र एखादा जोड जादा घ्यावा. धुण्याच्या साबणाची अर्धी वडी, बारीक दोरी, चार चिमटे. आणि पंचे दोन. पंचासारखी दुसरी वस्तू प्रवासात नाही. अंग पुसायला तो, डोक्याला तो, खिडकीला बांधायला तो, लेकराला झोपवायला अंथरूण म्हणून तो. सोलापूरचे जाड टॉवेल मला आवडतात, पण ते घरात. वातानुकूलित डब्याचं तिकीट मिळालंच तर पातळ सुती ओढणी अंगावर घ्यायला पुरते.

हे सगळं एका खांद्यावरच्या सॅकमध्ये मावतं, वजन पाच-सहा किलो. रेल्वे स्लीपरच्या तिकिटावर ४० किलोपर्यंत सामान फुकट नेऊ देते. तेवढं नेण्याची मुभा आहे म्हणून न्यायलाच हवं असं नाही, कारण ते चढवणारे, उतरवणारे आणि रात्री उशाशी सांभाळणारे आपणच असतो. शिवाय परतीचं ओझं वेगळं असतं. सासूबाई गोरसपाक, कुरडया आणि सांडग्यांचे डबे बांधून देतात. आई आमसुलं, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ देते, आंब्यांची पेटी तर असतेच. त्या मायेला नको म्हणणं मला कधी जमलं नाही आणि जमवायचंही नाही. त्यासाठीच जाताना सॅकच्या तळाशी एक कापडी पिशवी घडी करून ठेवलेली असते.

मे महिन्यात लग्नंही असतात. लग्नासाठी मी एकच साडी घेते, सूत-रेशमाची माहेश्वरी. घडी लहान होते, इस्त्री मोडत नाही आणि भर दुपारच्या मुहूर्तालाही ती जड वाटत नाही. मला खरी काळजी वाटते ती लहान मुलांची. गाडीत दर वर्षी जरीचा, नेटचा, आतून नायलॉनचं अस्तर लावलेला फ्रॉक घातलेली एखादी दोन-अडीच वर्षांची मुलगी दिसते. गळ्याशी लाल पुरळ उठलेलं असतं आणि ती रडत असते. आईबापांना वाटतं, भूक लागली असेल. लग्नाला निघालेल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रवासात लेकरांना जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती झबलं किंवा बंडी घाला, आणि तो फ्रॉक कार्यालयात पोचल्यावर, मुहूर्ताच्या अर्धा तास आधी चढवा.