उतरंड आणि मांडणी

जुन्या मराठी घरात वस्तू एकावर एक ठेवण्याच्या दोन रीती होत्या. कोठीच्या खोलीतील एका कोपऱ्यात उतरंड रचलेली असे. तळाशी मोठा डेरा, त्यावर मडके, त्यावर गाडगे आणि अगदी टोकाला मुठीएवढे बोळके. डाळी, कडधान्ये, पुढच्या पेरणीचे बियाणे असे सारे तिच्या पोटात सुरक्षित राही. मांडणी मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी असे आणि तिच्या फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने लावलेली असत. जागा दोन्ही रीतींनी वाचे. परंतु उतरंडीत प्रत्येक मडक्याचा भार खालच्या मडक्यावर येतो. तळातील डेऱ्यातून मूठभर मूग हवे असले, तरी वरची सगळी रास उतरवावी लागते. मांडणीत प्रत्येक फळीचा भार उभे खांब पेलतात आणि खालची वाटी वरच्या ताटाला धक्का न लावता काढता येते.

घराघरांतून उतरंडी नाहीशा होत गेल्या. पण हा जुना भेद शहरातील एखाद्या लहानशा खोलीत, अनपेक्षित ठिकाणी पुन्हा महत्त्वाचा ठरतो. ते ठिकाण म्हणजे हौसेने मासे पाळणाऱ्याची भिंत.

मासे पाळण्याची हौस शहराला नवी नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि पुढे कित्येक पिढ्यांतील मुलांनी तेथील काचांना नाक लावून मासे पाहिले. कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार, चेन्नईतील कोळत्तूर, मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटचा परिसर ही ठिकाणे हौशी माणसाला पाठ असतात. घरात पहिली टाकी येते ती मुलांच्या हट्टामुळे. तीत गप्पीची एक जोडी सोडली जाते. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिलांना जन्म देतात. आणि मोठे मासे संधी मिळताच ती पिले खाऊन टाकतात. पिलांना वाचवायचे, तर दुसरी टाकी हवी. पुढे कोणी तरी एक फायटर मासा भेट देतो. त्याला इतरांत सोडले, तर त्याच्या भांडखोर स्वभावाचा आणि लांब झुलत्या परांचा प्रश्न उभा राहतो. मग तिसरी टाकी. हौस अशी पायरीपायरीने वाढते. खोली मात्र तेवढीच राहते.

अशा वेळी माणसाची नजर जमिनीवरून भिंतीकडे वळते. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच टाकी जमिनीवर सुमारे दोन चौरस फूट जागा घेते. तीन टाक्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर सहा चौरस फूट जातात. एकावर एक ठेवल्या, तर दोनच. चार चौरस फुटांची ही बचत ऐसपैस घरात राहणाऱ्याला हास्यास्पद वाटेल. ज्या खोलीत रात्री अंथरूण घालण्यासाठी खुर्ची बाहेर ठेवावी लागते, त्या खोलीत चार चौरस फूट म्हणजे एका लेकराची झोपण्याची जागा असते.

परंतु पाणी दिसते तितके हलके नसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. वर सांगितलेली टाकी काठोकाठ भरली, तर तिच्यात ५४ लिटर पाणी मावते. काच, वाळू व दगड धरून तिचे वजन सत्तर किलोंच्या घरात जाते. अशा तीन टाक्या आणि त्यांचा लोखंडी सांगाडा मिळून सव्वादोनशे किलोंच्या आसपास भार दोन चौरस फुटांवर उभा राहतो. तीन-चार माणसे एकमेकांना बिलगून, रात्रंदिवस, हलल्याशिवाय उभी राहावीत, तसा तो भार असतो. म्हणून तो खोलीच्या मध्यावर नव्हे, तर भक्कम भिंतीलगत ठेवतात आणि सांगाडा वरच्या बाजूला भिंतीशी जखडतात. जुन्या इमारतीत तर जाणकाराला विचारल्याखेरीज ही रचना करूच नये.

काचेच्या टाकीवर दुसरी टाकी सरळ ठेवून देण्याचा मोह येथेच आवरावा लागतो. तसे करणे म्हणजे काचेची उतरंड रचणे होय. खालच्या काचा आपल्या पोटातील पाण्याचा दाब कसाबसा सोसत असतात. त्यांच्यावर वरच्याचे ओझे लादले, तर एखादा सांधा उकलतो आणि ओझ्यासह सगळेच कोसळते. सांगाड्याचे काम नेमके हे असते, की वरच्या टाकीचा एक ग्रॅम भारही खालच्या टाकीवर पडू नये. लोखंडी पाय तो भार परस्पर जमिनीला पोहोचवतात. प्रत्येक फळी पाणसळीने तपासतात, कारण फळी जराशी तिरपी असली, तरी पाणी एका बाजूला अधिक दाबते. फळी आणि काच यांच्यामध्ये थर्मोकोलचा पातळ थर घालतात. फळीवरील बारीकसा उंचवटाही काचेला खुपतो. तो या मऊ थरात जिरतो.

भाराचा प्रश्न असा सुटला, की दुसरा प्रश्न पुढे येतो, तो दोन फळ्यांमधील अंतराचा. उंची वाचवण्याच्या नादात अनेकदा हे अंतर चार बोटांवर आणले जाते. टाक्या बसतात आणि दिसतातही सुंदर. अडचण समजते ती एखादा मासा आजारी पडल्यावर. जाळी आत जात नाही, काच पुसता येत नाही, कुजलेले पान उचलता येत नाही. खालच्या टाकीवर निदान २५ ते ३० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. त्या जागेत काही ठेवायचे नसते. ती हातासाठी असते, हवेसाठी असते, दिव्यासाठी असते. बचतीच्या हिशेबात ही पोकळी वाया गेलेली दिसते. पण सबंध रचनेत मासे जगतात ते तिच्यामुळे.

प्रत्येक मजल्याचे हवामानही वेगळे असते. गरम हवा वर जात असल्यामुळे छताजवळची टाकी अधिक तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. थंडाव्यात रमणारा गोल्डफिश म्हणून खाली ठेवतात. फायटर किंवा गौरामी वर ठेवले तरी चालतात, कारण कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय त्यांच्या शरीरात असते. तळाच्या टाकीपर्यंत खिडकीतील उजेड पोहोचत नाही. तिच्यात वनस्पती जगवायच्या, तर तिचा स्वतंत्र दिवा हवा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून वर टांगतात. खाली ठेवला आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटे उतरून पंपात शिरू शकते. विजेच्या वायरीही बटणाकडे नेण्याआधी थोड्या खाली झुलत्या ठेवतात. म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशीच गळून पडतो. वरच्याच्या चुकीने खालच्याचे नुकसान होऊ नये, हा या सगळ्या खटाटोपामागचा एकच नियम.

बाजारात हा नियम पुष्कळदा मोडलेला दिसतो. फायटर मासे हातभर उंच रास होईल अशा लहान-लहान बाटल्यांतून मांडलेले असतात. थायलंड हे या माशाचे मूळ घर; तेथील भातखाचरांच्या उथळ पाण्यात तो वाढतो. पृष्ठभागावर येऊन हवा घेता येत असल्यामुळे तो बाटलीतही दिवस काढतो. ‘त्याला एवढे पाणी पुरते’, असे विक्रेते सांगतात आणि घेणाऱ्यांनाही ते पटते. परंतु एखादा जीव तग धरतो, म्हणून त्याला जागा पुरते असे नव्हे. सोसण्याची शक्ती हीच जणू गरजेची मोजपट्टी मानली जाते. माशांच्या बाबतीत होणारी ही गल्लत माणसांच्या बाबतीतही होत आली आहे.

निसर्गालाही थरांची रचना ठाऊक आहे. मात्र त्याची रीत निराळी आहे. बंगालपासून महाराष्ट्रापर्यंत मत्स्यशेती करणारे शेतकरी एकाच तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे सोडतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तिघांचे अन्न वेगळे, म्हणून एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात जात नाही. तळे तेवढेच राहते आणि उत्पन्न वाढते. कोकणातील बागायतदार नारळाच्या सावलीत पोफळी लावतो, पोफळीवर मिरीचा वेल चढवतो आणि खाली जायफळाला जागा देतो, त्यातही हेच शहाणपण आहे. येथे वरचा खालच्यावर बसलेला नसतो. प्रत्येकाला आपापला उजेड आणि आपापला घास मिळतो, म्हणून सगळ्यांचे एकत्र नांदणे शक्य होते.

मराठीत ‘उतरंड’ हा शब्द केवळ मडक्यांपुरता राहिलेला नाही. समाजातील उच्चनीचतेचे वर्णन करताना ‘जातींची उतरंड’ असे म्हटले जाते. वरच्याचा भार खालच्याने वाहायचा आणि सर्वांत खालच्याने सर्वांचा वाहायचा, ही व्यवस्था एका घरगुती शब्दाने अचूक पकडली आहे. माणसे एकावर एक राहतात यात काही वाईट नाही. मुंबईच्या बी.डी.डी. चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. गिरणी कामगारांच्या कुटुंबांनी तेथे आयुष्ये काढली, सण साजरे केले, शेजारधर्म पाळला. त्यांच्या जिव्हाळ्याचे कौतुक करताना खोली अपुरी होती हे विसरता येत नाही. या चाळींच्या पुनर्विकासात २०२५ साली वरळीतील पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ही घरेही एकावर एकच आहेत, उलट पूर्वीपेक्षा कितीतरी उंच. म्हणून मजल्यांची संख्या मोजून भागत नाही. प्रत्येक मजल्यावर उजेड, वारा आणि हात हलवण्यापुरती मोकळीक आहे की नाही, हे पाहावे लागते.

माशांच्या मांडणीतही अखेर हिशेब श्रमांपाशी येऊन थांबतो. जमीन एका टाकीची लागते, पण पाणी तीन टाक्यांचे बदलावे लागते. नळाचे पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवायचे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. सकाळी प्रत्येक टाकीतील थोडेसेच पाणी नळीने काढायचे. सगळे बदलायचे नाही, कारण माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे सूक्ष्म जिवाणू टाकीत वसतीला असतात आणि त्यांची वस्ती जमण्यास काही आठवडे लागतात. एका टाकीतील जाळी दुसऱ्या टाकीत बुडवायची नाही, नाही तर एकाचा रोग तिघांना होतो. सर्वांत वरची टाकी दीड मीटर उंचीवर असते. तिच्यासाठी स्टुलावर चढावे लागते. सर्वांत खालच्या टाकीसाठी जमिनीवर बसावे लागते. मधली टाकी डोळ्यांसमोर असते, म्हणून तिची देखभाल आपोआप होते. दुर्लक्ष होते ते वरच्या आणि खालच्या टाकीकडे. जाणता हौशी माणूस म्हणून कामाला सुरुवात खालच्या टाकीपासून करतो. गुडघे टेकून, मान वाकवून तो आधी तेथला उजेड पाहतो, मासे मोजतो आणि मगच स्टूल ओढतो.