जुनी सिटी आणि खारा वारा

जुनी होंडा सिटी घ्यायची म्हटली की आमच्या कचेरीत पहिला प्रश्न ठरलेला, "किती किलोमीटर झाले?" मला विचाराल तर गोव्यात त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा: गाडी रात्री उभी कुठे असायची?

1998 साली भारतात आलेल्या या गाडीच्या इंजिनाला मेकॅनिक सहसा नावं ठेवत नाहीत. 2003 च्या सिटीत चार सिलिंडरना आठ स्पार्क प्लग. बदलताना खिसा हलका होतो, एवढंच. पण समुद्राकाठी उघड्यावर पावसाळे काढलेली गाडी वरून चकचकीत दिसते आणि खालून गंजत असते. म्हणून लिफ्टवर चढवून तळ बघावा. डिकीतली मॅट उचलून स्टेपनीची जागा कोरडी आहे का, तेही पाहावं.

आम्ही कारकून माणसं, कागद मानणारी. सर्व्हिस बुक म्हणजे गाडीची फाईल. मधली पानं कोरी असली की काय ते समजावं. आणखी एक. 2013 साली बनलेल्या काही सिटी 2018 च्या जानेवारीत टकाटाच्या एअरबॅगसाठी परत बोलावल्या होत्या. आपल्या गाडीचं काम झालं की नाही, हे चेसिस नंबरवरून कळतं. पुढच्या सीटवर घरचंच माणूस बसणार असतं!

प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून मी गाडी घेतली, तेव्हा चाळीस हजार किलोमीटर झालेली कोलव्याची सोडली आणि नव्वद हजार झालेली फोंड्याची घेतली. कचेरीतले हसले. हसोत बापडे. फोंड्याच्या गाडीचा तळ कोरडा होता आणि फाईल पूर्ण.