बदनापूर केंद्राचे गुण

शाळेजवळ वह्या-पुस्तकांचे दुकान असलेल्या पालकाला शाळा दोन बाजूंनी दिसते. एक बाजू लेकीच्या दप्तरातून उलगडते, दुसरी गल्ल्यावर बसून. बदनापुरातील अशाच एका गृहस्थांची ही हकिगत आहे. तीन पिढ्यांपूर्वी हे कुटुंब मारवाडातून मराठवाड्यात आले. आजोबांचा धान्याचा व्यापार होता, वडिलांनी कापड विकले आणि त्यांच्या वाट्याला स्टेशनरी आली. घरात बोली मारवाडी, पण मुले मराठी शाळेत शिकली, आणि त्यात काही वेगळे केले असे या घराला कधी वाटले नाही.

शाळेचे वर्ष त्यांना दिनदर्शिकेपेक्षा विक्रीवरून अधिक नेमके कळते. जूनमध्ये दोनशेपानी वह्या आणि खाकी कव्हरे. ऑगस्टमध्ये कागदी झेंडे, आणि पुन्हा एकदा सतरा सप्टेंबरला. देशाच्या इतर भागांना ही दुसरी तारीख सांगून समजत नाही. पण 1948 साली निजामाची राजवट संपून मराठवाडा मुक्त झाला तो हा दिवस, आणि आजही त्या सकाळी बदनापूरच्या रस्त्यांवरून प्रभातफेरी निघते. पुष्कळदा तो दिवस पर्युषणाला लागूनच येतो. लेक लहान असताना संवत्सरीच्या उपवासानंतर दोन-चार दिवसांतच या फेरीत घोषणा देत चालायची आणि आई दुकानाच्या पायरीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन येते. तेव्हा जिलेटिन कागद, चमकी, पुठ्ठ्याच्या तलवारी यांचा खप होतो आणि शिवरायांच्या नाटकातल्या मावळ्यांच्या मिशाही याच दुकानातून जातात. बाहेरगावच्या मुली मानव विकासच्या निळ्या बसमधून उतरतात, घाईघाईत एक पेन किंवा पट्टी घेतात आणि घंटेच्या दिशेने पळतात. बस चुकली तर त्यांचा शाळेचा दिवस बुडतो. गावात राहणाऱ्या पालकांना हे सहसा जाणवत नाही, दुकानदाराला जाणवते.

जानेवारी सरला की दुकानाचे रूप पालटते. पुढे अपेक्षित प्रश्नसंच लागतात आणि मागे कोपऱ्यातले झेरॉक्स यंत्र दिवसभर तापलेले असते. याच दिवसांत कोणीतरी हलक्या आवाजात विचारतो, “शेठ, मायक्रो निघेल का?”

मायक्रो म्हणजे काय, हे परीक्षा दिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. मार्गदर्शकाचे पान लहान करीत करीत काड्यापेटीएवढे करायचे, त्याची घडी घालायची आणि बाहीत, मोज्यात किंवा कंपासपेटीच्या तळाशी लपवायची. यंत्राला त्याचे काही नसते, टक्केवारीचे बटण दाबले की ते मुकाट काम करते. एका पानाचे दोन रुपये, मायक्रोचे मात्र मागाल ते मिळतात. फेब्रुवारीच्या तीन आठवड्यांत यंत्राचा वर्षाचा हप्ता सुटू शकतो, हे त्या व्यवसायातले उघड गुपित आहे.

या गृहस्थांनी मायक्रो कधीच काढले नाही. त्याचे फार मोठे कौतुक करण्याचे कारण नाही, कारण सुरुवातीला त्यामागे तत्त्वापेक्षा भीती अधिक होती. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे, आणि परीक्षेच्या काळात केंद्राच्या परिसरातील झेरॉक्सची दुकाने बंद ठेवण्याचे आदेश निघतात. कारण पुढे बदलले. एका चातुर्मासात जालन्याच्या गुरु गणेश तपोधामात त्यांनी तिसऱ्या अणुव्रतावरचे प्रवचन ऐकले. अचौर्याचे अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिले आहेत. त्यांतले खोट्या वजनमापाचे आणि भेसळीचे अतिचार व्यापाऱ्याच्या घरात लहानपणापासून पाठ असतात. पण त्या यादीत पहिला येतो तो स्तेनप्रयोग, म्हणजे स्वतः चोरी न करता दुसऱ्याला तिचे साधन किंवा उत्तेजन देणे. हे शब्द कानावर पडले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानाच्या कोपऱ्यातले ते यंत्रच आले. आचार्य तुलसींनी 1949 मध्ये अणुव्रत आंदोलन सुरू केले. त्यातील विद्यार्थ्यांच्या नियमांत परीक्षेत अवैध मार्ग न वापरण्याचा संकल्प आहे, हेही त्यांना नंतर कळले. परीक्षेतली नक्कल ही त्या काळीही एका आचार्यांना व्रताच्या यादीत घालण्याइतकी मोठी वाटली, याचे त्यांना नवल वाटले.

तरीही नकार देणे दरवर्षी सोपे नसते. लेक दहावीला होती त्या वर्षी, जानेवारीच्या अखेरीस, जवळच्या एका खेड्यातील मोसंबीचे बागाईतदार दुकानात आले. ओळख जुनी होती, उधारीचीही आणि लग्नकार्यातलीही. त्यांनी गणिताची दहा पाने पुढे केली.

“मायक्रो नाही काढत, दादा. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे शेठ. पण एक सांगा. सहा महिने पोराच्या वर्गावर गणिताला मास्तर नव्हता. कोणी तासाला आलं नाही, कोणी विचारलं नाही. आता परीक्षेला मात्र सगळे येणार. पथक येणार, पोलीस येणार. पोरानं लिहायचं तरी काय?”

या प्रश्नाला दुकानात उत्तर नव्हते. खरे तर कोठेच नव्हते. कॉपीमुक्तीची चर्चा होते तेव्हा भरारी पथके, कॅमेरे आणि कायद्याची कलमे यांवर भरपूर बोलले जाते. रिकाम्या पदांवर आणि न झालेल्या तासांवर त्या मानाने फार कमी बोलले जाते. मराठवाड्यानेच याचा एक धडा राज्याला दिला आहे. 2010 च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम कसोशीने राबविली. निकाल घसरला, तेव्हा कुठे वर्गात वर्षभर काय चालते याकडे लोकांचे लक्ष गेले. परीक्षा स्वच्छ झाली की शाळेचे खरे रूप दिसू लागते. ते पाहणे सोयीचे नसल्यामुळेच बहुधा नकलेला एवढे आश्रयदाते मिळतात.

पाने परत गेली, पण तो प्रश्न गृहस्थांच्या मनातून गेला नाही. आठ दिवसांनी त्यांनी गल्लीतल्या एका निवृत्त गणित शिक्षकांना गळ घातली. दुकानावरच्या खोलीत रोज संध्याकाळी तासभर शिकवणी सुरू झाली. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती दुकानाने फुकट दिल्या, अर्थात पूर्ण आकाराच्या. पहिल्या दिवशी अकरा मुले आली, शेवटी पाच उरली. बागाईतदारांचा मुलगा त्या पाचांत होता. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याच्या घरच्या रिवाजामुळे लेक आधी जेवून वर जायची आणि गुरुजींच्या शेजारी बसून त्या मुलाला समीकरणे पुन्हा समजावून सांगायची. त्यामुळे आपला अभ्यास मागे पडतो अशी तिची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती.

शुक्रवार, 21 फेब्रुवारी 2025. दहावीची परीक्षा सुरू झाली आणि पहिला पेपर मराठीचा होता. केंद्र गावातच असल्याने लेक मैत्रिणींबरोबर चालत गेली. दुकानाचे शटर खाली होते. बाराच्या पुढे पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, “दादा, टीव्ही लाव. बदनापूर दाखवत आहेत.”

बातमी अशी होती की, परीक्षा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात मराठीची प्रश्नपत्रिका बाहेर आली आणि उत्तरांच्या झेरॉक्स प्रती गावात विकल्या गेल्या. मंडळाने पुढे खुलासा केला की मूळ प्रश्नपत्रिका फुटलेली नाही. मिळालेली पाने खासगी प्रकाशनाची आणि हाताने लिहिलेल्या उत्तरांची होती. पण खुलासा बातमीच्या वेगाने धावत नाही. तूर संशोधनासाठी कृषिक्षेत्रात ओळखले जाणारे आणि एरवी रेल्वेच्या वेळापत्रकात वाचले जाणारे हे गाव त्या दुपारी राज्यभर गेले ते कॉपीचे गाव म्हणून.

संध्याकाळी बाजारात जो तो झेरॉक्सवाल्यांबद्दल बोलत होता. गृहस्थ दुकान उघडून बसले तेव्हा एरवी नमस्कार करून जाणारे दोघे-तिघे क्षणभर थांबले, आत कोपऱ्यात पाहिले आणि पुढे गेले. कोणी काही विचारले असते तर सांगता आले असते. कोणी विचारले नाही.

लेक दुपारी घरी आली ती पेपर चांगला गेल्याच्या आनंदात. आईने टीव्ही बंद करून ठेवला होता, पण अशा गोष्टी मैत्रिणीच्या घरच्या फोनवरून कळायच्या राहत नाहीत. रात्री तिने विचारले, “पप्पा, पेपर पुन्हा होणार का?”

“तसं वाटत नाही.”

“झाला तरी चालेल मला.” मग थोड्या वेळाने, “पण नाही झाला, तर मी स्वतः लिहिलं हे कोणाला कळणार?”

कॉपी करणारा विद्यार्थी स्वतःचे नुकसान करतो, हे वाक्य शाळेच्या फळ्यावर नेहमी लिहिलेले असते. ते खरे असले तरी अपुरे आहे. शेजारच्या बाकावर बसून प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलीच्या गुणांवर लोकांचा जो विश्वास असतो, तो तो कागदाचा कपटा आपल्याबरोबर घेऊन जातो. तिने तो विश्वास कोणाला दिलेला नसतो. अदत्तादान म्हणजे न दिलेली वस्तू घेणे. व्रताच्या व्याख्येतला हा शब्द गृहस्थांनी आजवर धन, धान्य आणि वस्तू यांच्याशीच जोडला होता. आणि हे घेणारे हात केवळ मुलांचे नसतात. कुंपणाबाहेर उभे राहणारे काका असतात, पाण्याच्या बाटलीतून चिठ्ठी पोहोचवणारा मोठा भाऊ असतो, ‘सगळेच करतात’ म्हणून मान वळवणारे शेजारी असतात. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, या तिघांना जैन विचाराने एका ओळीत बसविले आहे ते उगाच नव्हे. एरवी याच पालकांपैकी कित्येक जण बाजार समितीत मापात एक किलो कमी भरले तर रस्त्यावर उतरतील.

तेरा मे रोजी निकाल लागला. राज्याचा 94.10 टक्के आणि छत्रपती संभाजीनगर विभागाचा 92.82 टक्के. लेकीला 91 टक्क्यांच्या वर गुण होते. बागाईतदारांच्या मुलाला गणितात 41 मिळाले. त्याचे वडील मोसंबीची पिशवी घेऊन आले आणि पिशवी ठेवून, फारसे न बोलता गेले.

त्याच आठवड्यात जालन्यात नात्यातले एक लग्न होते. पंगतीत फुफाजींनी टक्के विचारले, ऐकले आणि हसून म्हणाले, “बदनापूर केंद्र ना? मग येणारच!” आजूबाजूचे चार जण हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मात्र लेकीच्या हातातला घास ताटात परत गेला. आईने पाहिले आणि विषय मेहंदीकडे वळवला. गृहस्थ बोलले नाहीत. वडीलधाऱ्यांना भर पंगतीत उत्तर द्यायचे नाही, ही त्या घराची रीत. ती रीत त्या दिवशी त्यांना जड गेली.

घरी परतल्यावर लेकीने मंडळाकडे मराठीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची ठरवली. मराठीत तिला 93 गुण होते, पुनर्मूल्यांकनाने फार काही वाढण्याजोगे नव्हते. शुल्क कशाला भरायचे, असे आईने विचारलेही. “मला गुण नको आहेत. पेपर हवा आहे,” एवढेच ती म्हणाली. मधल्या काळात अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली. त्या वर्षी प्रथमच ही प्रक्रिया राज्यभर ऑनलाइन होती. गावातल्या निम्म्या मुलांचे अर्ज याच दुकानातल्या संगणकावर भरले गेले, त्यात ते गणिताचे पाचही जण होते.

छायाप्रत आली त्या रात्री दुकान बंद करून गृहस्थ गल्ल्यापाशी बसून ती वाचत राहिले. आयुष्यात हजारो पाने त्या यंत्राखालून काढणाऱ्या माणसाने एखादी छायाप्रत इतक्या सावकाश क्वचितच वाचली असेल. अक्षर सुरुवातीला टपोरे होते, शेवटी घाईचे झाले होते. सहाव्या पानावर एक पूर्ण वाक्य खोडून खाली निराळ्या शब्दांत पुन्हा लिहिलेले होते, आणि त्यातही एक वेलांटी चुकलेली होती. त्यांनी ती पाने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि घरी नेण्यासाठी पिशवीत ठेवली.