आठ-बाराची फास्ट

वेंगनला मोटारी जात नाहीत. लाउटरब्रुनेनहून दातेरी चाकांची रेल्वे वर चढते. आई-बाबांना फिरवण्यासाठी मी मिनिटागणिक एक्सेल शीट केलं होतं (हो, रोगच तो!). वेंगनला पाऊण तास, मग मेनलिखेनचा रोपवे.

पण बाबा बाकावर बसले ते उठेचनात. समोर ४,१५८ मीटरची युंगफ्राउ, हातात आईने सकाळी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. मी वैतागून घड्याळ दाखवलं.

"अरे, पस्तीस वर्षं डोंबिवलीहून ८.१२ची फास्ट धावत पकडली. आज एक सोडू दे की!"

आई हसली. मी गप्प. माझी फी त्याच फास्टने कमावलेली, हे इतक्या वर्षांत कधी डोक्यातच आलं नव्हतं.

असो. रोपवे राहिला. पुऱ्या मात्र संपल्या!