विकत घेणाऱ्यालाच चोर ठरवणारे कुलूप

आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर नियमांची पाटी आहे. त्यातला चौथा नियम असा : चोरीची वस्तू इथे आणू नये. हा नियम आम्हीच लिहिला आणि एकदा तो आमच्याच अंगाशी आला. कसा, ते सांगितले पाहिजे, कारण त्यात चूक पोरांची नव्हती.

गोष्ट २०१२ च्या उन्हाळ्यातली. आमचे एम.ए. नुकतेच संपले होते आणि परभणीच्या एका वस्तीत आम्ही काही जण मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवत होतो. एका कार्यालयाने मोडीत काढलेले दोन संगणक आम्हाला मिळाले होते. सुटीत पोरांना टायपिंग शिकवावे, एवढाच बेत. पण तासभर झाला की पोरे गेम मागायची. एके दिवशी नववीतला एक मुलगा बाजारातून ३० रुपयांची सीडी घेऊन आला. तिच्यात शहर वसवण्याचा एक जुना गाजलेला गेम होता. रस्ते आखायचे, पाण्याची लाइन टाकायची, वीज पुरवायची, कर लावायचा. ज्यांच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी येते त्या पोरांनी नगरपालिका चालवून पाहावी, याहून चांगला नागरिकशास्त्राचा तास कोणता?

तरी आम्ही ती सीडी लावू दिली नाही. "न दिलेले घेऊ नये, हे शील आपण विहारात म्हणतो ते नुसते म्हणण्यासाठी नाही," असे सांगितले. तेवढ्याने पोरांचे समाधान झाले नाही. मग म्हटले, हा गेम करणारी माणसे वर्ष-दोन वर्षे राबलेली असतात, त्यांची मजुरी आपण बुडवायची का? मजुरी हा शब्द पोरांना लगेच कळला. बहुतेकांच्या घरी कुणाची ना कुणाची मजुरी बुडालेली होतीच.

पोरांनी पाच-पाच, दहा-दहा रुपये जमवले, उरलेले आम्ही घातले आणि पुण्याहून ९९९ रुपयांची असली डीव्हीडी आणली. खोके उघडले त्या दिवशी अभ्यासिकेत सण होता. आत एक घडी घातलेला नकाशा होता, तो पोरांनी भिंतीवर चिकटवला.

मग त्रास सुरू झाला. डीव्हीडी घातली तर लांबलचक कोड मागितला. कोड दिला तर इंटरनेट मागितले. तेव्हा आमच्याकडे डोंगल होते आणि त्याला रेंज फक्त खिडकीत यायची. त्यात भारनियमन. दुसऱ्या दिवशी एकदाचे अ‍ॅक्टिव्हेशन झाले. पुढे दुसऱ्या संगणकावरही गेम टाकला. महिन्याभरात पहिल्या संगणकाची हार्ड डिस्क गेली, ती बदलली, पुन्हा कोड दिला. व्हायरस शिरला, फॉरमॅट केले, पुन्हा कोड दिला. या वेळी पडद्यावर सूचना आली : तुमची मर्यादा संपली आहे.

आम्ही कंपनीला ईमेल लिहिला. खरेदीची पावती पाठवा, असे ठरावीक उत्तर आले. पावती आम्ही जपून ठेवली होती, पण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे उन्हाळ्यात पार उडून गेली होती. कोऱ्या कागदाचा फोटो काढून पाठवला. त्याला उत्तर आले नाही.

आठवड्याने आम्ही बाहेरून आलो तर दोन्ही संगणकांवर गेम चालू होता. तीच ३० रुपयांची सीडी. कोड नाही, इंटरनेट नाही, मर्यादा नाही. तो मुलगा उभा राहिला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तो म्हणाला, "ताई, खोट्या सीडीला कुणी काही विचारतच नाही."

आम्ही तो गेम बंद केला नाही. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण खरे तेच आहे.

आता मुद्द्याकडे वळू. या कुलपाला इंग्रजी आद्याक्षरांनी डीआरएम म्हणतात. त्याचे काम साधे आहे. तुमच्या संगणकाचे भाग कोणते, यावरून ते त्या यंत्राचा एक ठसा तयार करते आणि कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवते. भाग बदलले की ठसा बदलतो आणि तुमचाच संगणक त्याला परका वाटू लागतो. नवीन संगणक घेऊन चार वर्षे त्याला हात न लावणाऱ्या माणसाला हे कुलूप जाणवतही नाही. जुना, दुरुस्त करत करत चालवलेला संगणक ज्याच्याकडे आहे, ज्याची वीज जाते, ज्याची रेंज जाते, त्यालाच ते वारंवार अडवते. कुलूप सगळ्यांना सारखेच लावलेले असते, पण त्याचा जाच सारखा नसतो.

हे कुलूप निदान चोराला तरी अडवते का? २००८ च्या सप्टेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने 'स्पोअर' हा गेम आणला. एका प्रतीला फक्त ३ अ‍ॅक्टिव्हेशन, असा त्याचा नियम होता. संतापलेल्या ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर एक-एक तारा देऊन हजारो तक्रारी नोंदवल्या. कंपनीने मर्यादा ३ वरून ५ केली. आणि चोर? टोरेंटफ्रीक या संकेतस्थळाने काढलेल्या त्या वर्षीच्या यादीत सर्वाधिक चोरून उतरवलेला गेम 'स्पोअर'च होता.

२०१० मध्ये फ्रान्सच्या युबीसॉफ्टने 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड २' च्या संगणक आवृत्तीला याहून कडक कुलूप लावले. एकट्याने खेळायचा गेम, पण इंटरनेट सतत चालू हवे. कनेक्शन तुटले की खेळ थांबला. मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर कुणी तरी हल्ला केला आणि पैसे मोजलेले अनेक ग्राहक खेळाबाहेर राहिले. पुढे कंपनीनेच हा नियम मागे घेतला. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' आला. तोही शहर वसवण्याचाच, तोही कायम ऑनलाइन. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले, लोक तासन् तास ताटकळले, अ‍ॅमेझॉनने काही काळ त्याची विक्री थांबवली. सर्व्हरशिवाय हा खेळ चालूच शकत नाही, असे सांगितले जात होते. काही दिवसांतच एका हौशी माणसाने तो इंटरनेटशिवाय चालवून दाखवला. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच ऑफलाइन खेळण्याची सोय दिली.

तीनही ठिकाणी एकच घडले. कुलूप तोडणारा ते एकदाच तोडतो आणि त्यानंतर ती तुटलेली प्रत घेणाऱ्या कुणालाच कुलूप दिसत नाही. रोज कुलपासमोर उभा राहतो तो फक्त पैसे देणारा. शहरातल्या मोठ्या दुकानात शिरल्यावर आमच्या वस्तीतल्या पोरांच्या मागे नोकर फिरतात, हा अनुभव त्यांना आहे. पैसे मोजून, मान वर करून आणलेल्या वस्तूनेही घरात येऊन तेच करावे, याचा अर्थ ती पोरे काय लावतील?

दुसरी बाजूही नीट पाहिली पाहिजे. गेम करणाऱ्यांची मजुरी बुडते हे खोटे नाही. मोठ्या गेमची बरीचशी विक्री पहिल्या काही आठवड्यांतच होते आणि तेवढा काळ कुलूप टिकले तरी आम्हाला पुरे, असे कंपन्या म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग ते आठवडे संपल्यावर कुलूप काढायला काय हरकत आहे? २०१६ च्या मे महिन्यात आलेल्या 'डूम' या गेमचे कुलूप त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढले गेले. म्हणजे काढता येते. इच्छा हवी.

चोरीवर कुलपाशिवाय उपाय आहे का, याचे उत्तर पोलंडने दिले आहे. १९९० च्या दशकात तिथल्या बाजारात चोरीच्या सीडी भाजीसारख्या विकल्या जात. १९९४ मध्ये दोन तरुणांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा गेम पोलिश भाषेत आणला, तिथल्या नामवंत कलाकारांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका घातली. चोरीच्या सीडीत मिळणार नाही असे काही तरी ग्राहकाला द्यायचे, हा त्यांचा विचार होता आणि तो खेळ तिथे उत्तम खपला. याच कंपनीने २००८ मध्ये कुलपाविना गेम विकणारे 'गॉग' हे ऑनलाइन दुकान सुरू केले. २०१५ चा त्यांचा 'द विचर ३' तिथे पहिल्या दिवसापासून विनाकुलूप मिळत होता. त्याच्या एकूण प्रती ५ कोटींच्या वर गेल्या आहेत. ग्राहकावर विश्वास टाकून कंपनी बुडाली नाही.

पण आमच्या मते खरा प्रश्न त्रासाचा नाही, मालकीचा आहे. पैसे दिल्यावर ती वस्तू आपली झाली की फक्त वापरण्याची परवानगी मिळाली? युबीसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्याकडे उपयोग नसलेली चकती उरली. एकट्यानेही तो खेळता येईना. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिच्या मागणीवर युरोपात १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला आहे : डिजिटल वस्तू विकताना ती फक्त परवानगी असेल, तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपल्याकडे काय आहे? २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये, संगणक प्रोग्रामची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. पण प्रत केली तरी अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा संपल्यावर ती चालणार कशी? म्हणजे कायद्याने मुभा दिली आणि कुलपाने ती काढून घेतली. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतला फरक आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

अभ्यासिकेतले पुस्तक पाहा. एकदा विकत घेतले की ते वीस पोरे वाचतात. पाने निसटली तर आम्ही शिवतो. प्रकाशक दुकान बंद करून गेला तरी पुस्तक कपाटात राहते आणि उघडले की वाचता येते. पुस्तक कुणाच्या घरचे आहे, हे ते स्वतः तपासत नाही. गरिबांच्या हाती ज्ञान आले ते अशाच, हातोहात फिरणाऱ्या प्रतींमधून. उद्या पाठ्यपुस्तके आणि संदर्भग्रंथही पडद्यावरच मिळू लागले आणि त्यांनाही हेच कुलूप लागले, तर गेमपुरता वाटणारा हा प्रश्न अभ्यासाचा होईल. म्हणून 'पोरांचे खेळ' म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. विकताना खोक्यावर ठळक अक्षरांत लिहा : ही विक्री आहे की परवानगी. एकट्याने खेळायच्या गेमला इंटरनेटची सक्ती नको. पहिल्या विक्रीचा काळ संपला की कुलूप काढा, आणि सर्व्हर कायमचा बंद करताना गेम ग्राहकाकडे चालू राहील अशी सोय करूनच बंद करा. अभ्यासिका, शाळा, ग्रंथालये यांना यंत्र बदलले तरी प्रत वापरण्याचा हक्क द्या. पावती उडाली म्हणून माणूस चोर ठरत नाही, हे मान्य करा.

तो नकाशा बरीच वर्षे भिंतीवर होता. पाटी आजही आहे आणि चौथा नियम आम्ही पुसलेला नाही, पुसणारही नाही. मजुरी बुडवू नये हे आम्हाला तेव्हाही पटत होते, आजही पटते. पण नवी पोरे येतात, पाटी वाचतात आणि विचारतात, "ताई, असली घेतलं तर चालतं ना मग?" या प्रश्नाला मान खाली न घालता 'हो' म्हणता यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. प्रामाणिकपणा शिकवणे आमचे काम आहे. तो मूर्खपणा ठरणार नाही, एवढे पाहणे विकणाऱ्यांचे आणि कायदा करणाऱ्यांचे काम आहे.